तिसरा खण

लाईट गेली म्हणून तरी ते मोबाईल खाली ठेवलेत, बरं झालं. या, जवळ सरका. गोष्ट सांगतो, पण मधे खिदळायचं नाही. आणि कुणाला पाणी प्यायला, बाहेर जायला उठायचं असेल तर आत्ताच जाऊन या. नंतर एकट्याने जाववणार नाही, आणि मी काही कुणाच्या सोबतीला येणार नाही.

ज्याच्यावर बेतली तो प्रशांत माझ्या धाकट्या भावाचा वर्गमित्र. याच ओट्यावर बसून त्याने ती एकदाच सांगितली. पुन्हा कधी विषय काढला नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. तारीख मात्र त्याला अजून पाठ आहे. १८ डिसेंबर १९९८, शुक्रवार, अमावास्या.

प्रशांत तेव्हा पंचविशीचा. मूळ कर्जतकडचा, बौद्ध घरातला. वडील मास्तर. अंगारे-धुपारे, उतारे, लिंबू-मिरची यांना त्यांच्या घरात उंबऱ्याच्या आत पाय ठेवायला मिळाला नव्हता. नगरच्या एका कॉम्प्युटर कंपनीत तो नोकरीला होता. कुठे मशीन बिघडलं की पिशवी खांद्याला लावायची आणि एसटी धरायची. त्या दिवशीचं कामही तसंच, रोजच्यासारखं.

सोनईच्या पुढे, शिंगणापूरच्या अंगाला एक वस्ती होती. तिथे बाजरीच्या बियाण्याचं संशोधन केंद्र होतं, खासगीच. कुठल्या वाणाला कणीस लवकर येतं, पाऊस दडी मारून बसला तर कुठला वाण तग धरतो, अशा वीस-बावीस हंगामांच्या नोंदी त्यांच्याकडे होत्या. जुन्या वह्या वाळवीने केव्हाच फस्त केल्या. पण त्याआधी हनुमंत नावाच्या तिथल्या ऑपरेटरने चार वर्षं मान मोडून त्या सगळ्या कॉम्प्युटरात चढवल्या होत्या. आता जे काय होतं ते तिथेच. दुसरीकडे कुठेही नाही.

आणि ते जायच्या बेतात होतं.

आता थोडं मशीनचं ऐका, म्हणजे पुढचं कळेल. कमरेइतकं लोखंडी कपाट. त्यात एकाखाली एक पाच खण, खणात एकेक डिस्क. या पाचांवर एक कंट्रोलर असतो, कारभारीच म्हणा त्यांचा. त्याच्याशी बोलायला तेव्हा माऊस नव्हता, चित्रं नव्हती. काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं. एक ओळीचा हुकूम टाइप करायचा, एंटर मारायचा आणि हाताची घडी घालून बसायचं. तो त्याच्या सवडीने एका ओळीत उत्तर देतो. पाचांतली एक डिस्क गेली तर तो तिच्या नावापुढे इंग्रजीत सरळ 'डेड' लिहितो. कंपनीवाल्यांना दुसरा बरा शब्द सुचला नाही.

त्या केंद्रात तिसऱ्या खणातली डिस्क गेली होती. हनुमंताने नगरला फोन लावला, तो प्रशांतनेच घेतला. "दुसरी जायच्या आत बसवायला हवी, हनुमंतराव. आजच येऊन घेऊन जा आणि रात्रीच बसवा." हनुमंत गाडीवर आला, प्रशांतच्या हातून डिस्क घेतली, चहासुद्धा न घेता निघाला. घोडेगावच्या पुढे अंधारात उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नव्हता. हनुमंत जागच्या जागी गेला. गळ्यातल्या पिशवीतल्या डिस्कला मात्र ओरखडाही नव्हता.

दोन आठवडे कुणी मशीनला हात लावला नाही. मग चौथ्या खणातली डिस्क करकरायला लागली. तसली दुसरी डिस्क मुंबईहून यायची तर महिना. म्हणून प्रशांतला पाठवलं, हनुमंताच्याच पिशवीतली डिस्क बसवायला.

तो पोचला तेव्हा दिवेलागण झालेली. केंद्राचे साहेब नगरला गेलेले. होता फक्त रखवालदार, त्याचं नावच कारभारी. साठीचा, कानटोपी, खांद्यावर घोंगडी.

"आदी दोन घास खाऊन घ्या सायेब. मंग बसा त्या मशिनीपाशी."

"साहेब नका म्हणू हो बाबा. प्रशांत म्हणा."

जेवण झालं, आणि कारभारीबाबांनी कंदील धरून त्याला खोली दाखवली. प्रशांत चौकटीपाशीच थबकला. चौकटीपाशी म्हणजे, चौकट नव्हतीच. दारही नव्हतं. शिंगणापूरचा वारा त्या वस्तीलाही लागलेला. घराला दार लावायचं नाही, कुलूप घालायचं नाही. केंद्राला जमीन देतानाही लोकांनी तीच अट घातली होती. दाराच्या जागी नुसता जाड ताडपत्रीचा पडदा लोंबत होता.

"साऱ्या वस्तीत एकच कुलूप हुतं," कारभारीबाबा म्हणाले. "ह्या कपाटाचं. हनुमंतानं लावल्यालं. लोक लई बोलायचे त्याला. त्यो म्हनायचा, माजी चार वर्सं हायती आत."

कपाटाचं दार आता सताड उघडं होतं. आत चार डिस्का आणि मधे एक रिकामा, काळा खण. हनुमंताने मेलेली डिस्क काढली तेव्हा उघडं टाकून गेला, ते तसंच.

"मग लावून का नाही घेतलं?"

"किल्ली कुटंय? त्याच्या गळ्यात लाल दोऱ्यात हुती. बायकूला वाटलं शनीचा गंडा हाय, तशीच जाळली संगं. राख सावडताना घावली. मंग अस्थींसंगं प्रवरासंगमाला सोडली. म्या सोत्ता सोडली पान्यात, ह्या हातानं."

प्रशांतने हनुमंताच्या पिशवीतून डिस्क काढली. पिशवी बघून म्हातारा दोन पावलं मागे सरला.

"तुमाला म्हनून सांगतो. हनुमंताच्या दहाव्याला कावळा शिवला न्हाई. ऊन डोक्यावर आलं. त्याची बायकू दिपाली म्हनली, पोराला शिकवीन. भाऊ म्हनला, हिरीचं काम पुरं करीन. मेव्हन्यानं म्हशीचं नाव घेतलं. कावळे समूर बाबळीवर बसल्याले, पर पिंडाकडं बगनात. शेवटाला दर्भाचा कावळा करून शिवला. कशात जीव आडकला हुता, कुनाला कळलं न्हाई."

"या डिस्कचं कुणी बोललं नाही?"

कारभारीबाबा हळूच म्हणाले, "मशिनीचं कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई."

प्रशांतला हसू आलं. "आमच्यात पिंड नसतो, बाबा. माणूस गेला की गेला."

त्याने डिस्क तिसऱ्या खणात सरकवली. काम करता करता म्हाताऱ्याला समजावत होता, तरणी पोरं समजावतात तसं, दोन पायऱ्या वर उभं राहून. पाचांतला एक मेला तरी बाकीच्या चौघांना मिळून त्याचं सगळं ठाऊक असतं. त्याच्या जागी नवा आणून बसवायचा आणि कंट्रोलरला रिबिल्डचा हुकूम द्यायचा. मग ते चौघे आठवून आठवून नव्याला सांगत जातात. शंभर टक्के झालं की मेलेला होता तसाच उभा.

"व्हता तसाच?"

"अगदी तसाच."

"आन् हे तुमी आज करनार. अमुशेला." कारभारीबाबांनी घोंगडी गच्च लपेटली. "म्या भाईर शेकोटीपाशी हाय. हनुमंताचं काम झालं की त्यो किल्लीनं कपाटावर दोनदा वाजवायचा, टक टक. मंग म्या च्या टाकायचो. तुमी हाकच मारा."

अकराच्या पुढे शिवारातल्या मोटारी बंद झाल्या आणि व्होल्टेज जरा थाऱ्यावर आलं. प्रशांतने हुकूम टाइप केला. वेग मुद्दाम कमी ठेवला. चौथी डिस्क आजारी, तिला पळवली तर तीही जायची. एंटर मारला. तिसऱ्या खणाचा दिवा लुकलुकायला लागला.

थंडी मी म्हणत होती. तो मफलर गुंडाळून हनुमंताच्याच खुर्चीत बसला. मधूनमधून कंट्रोलरला विचारायचं, कुठवर आलं? तो सांगायचा, नऊ टक्के. बारा टक्के. प्रशांतचा डोळा लागला.

जाग आली ती करकरीने. चौथी डिस्क कण्हत होती. त्याने घाईघाईने विचारलं, उत्तर आलं, एकतीस टक्के. इतक्यात? वेग तपासला. कमी ठेवलेला वेग सगळ्यात जास्त झाला होता.

झोपेत हात लागला असेल म्हणून त्याने पुन्हा कमी केला. पाण्याचा घोट घेतला. वळून बघतो तो वेग पुन्हा जास्त.

आता त्याची झोप पार उडाली. कॉम्प्युटरवर आणखी कोण आहे ते विचारायचा एक हुकूम असतो. त्याने तो दिला. दोन ओळी आल्या. पहिली त्याची स्वतःची. दुसरी... हनुमंत. दुसऱ्या टर्मिनलवरून.

दुसरं टर्मिनल, म्हणजे याच मशीनला जोडलेली दुसरी स्क्रीन आणि कीबोर्ड, समोर अंगणापलीकडे बियाण्याच्या कोठारात होतं. प्रशांतने पडद्याची कड बाजूला केली. कोठारालाही दार नव्हतंच. आतल्या अंधारात, माणूस बसला की छातीशी येईल एवढ्या उंचीवर, हिरवा उजेड दिसत होता.

"कारभारीबाबा!"

शेकोटी विझत आलेली. म्हातारा घोंगडीत मुटकुळं करून पडलेला. हाक त्याच्यापर्यंत गेलीच नाही, की घशातून निघालीच नाही, हे प्रशांतला सांगता आलं नाही.

तो मागे आला. आता त्याला कारभारीबाबांना सांगितलेलं आपलंच बोलणं आठवायला लागलं होतं. होता तसाच उभा. अगदी तसाच. रिबिल्ड थांबवायचं, बस. थांबवलं की चौथी डिस्क धक्क्याने जाणार हे त्याला ठाऊक होतं. ती गेली की सगळं गेलं. जाऊ दे. बाजरीपेक्षा जीव मोठा. त्याने थांबवायचा हुकूम टाइप केला. एंटरवर बोट ठेवणार, तेवढ्यात...

शेवटचं अक्षर पुसलं गेलं.

मग त्याच्या आधीचं. मग त्याच्या आधीचं. एकेक. सावकाश. शिकवणाऱ्या माणसाने पोराची चूक पुसावी तसं. ओळ कोरी झाली.

त्याने पुन्हा टाइप केलं. पुन्हा पुसलं गेलं.

त्याने पडद्याच्या फटीतून समोर पाहिलं. कोठारातला हिरवा उजेड गेला होता.

आणि त्याच क्षणी लाईट गेली.

बल्ब विझला. बॅटरीवर मशीन धरून ठेवणारा यूपीएस वाजायला लागला. टी... टी... अख्ख्या खोलीत उजेड म्हणाल तर स्क्रीनवरच्या हिरव्या अक्षरांचा. तिथे प्रश्न आला होता. वीज गेली आहे, मशीन बंद करू का? दर दोन मिनिटांनी तो विचारतो. वेळेत 'नको' म्हटलं नाही तर आपला आपण बंद होतो.

म्हणजे काहीच करायचं नव्हतं. नुसतं उठायचं, पळायचं. दोन मिनिटांत सगळं आपोआप संपलं असतं.

प्रशांत उठला.

पडदा हलला. वारा नव्हता. ताडपत्री खालून आत फुगली... आणि पुन्हा सरळ झाली. कुणी आत आल्यावर होते तशी.

दार लावून घ्यायला दार नव्हतं. कडी नव्हती. त्या अख्ख्या वस्तीत आडोसा म्हणून घट्ट मिटता येईल असं काहीही नव्हतं.

तो मटकन खुर्चीत बसला. मागे बघायचं नाही. एवढंच त्याला कळत होतं. मागे बघायचं नाही.

गार ओला वास आला. नदीचा. शेवाळाचा. आणि त्याखाली... जळक्या लाकडाचा.

स्क्रीनच्या काचेत त्याला आपला चेहरा दिसत होता. हिरवट. आणि त्याच्या खांद्याच्या वर... दुसरा. वाकून बघणारा. त्या चेहऱ्याचं लक्ष प्रशांतकडे नव्हतंच. तो टक्के वाचत होता.

ऐंशी.

प्रश्न तसाच लुकलुकत होता. बंद करू का? सेकंद उतरत होते. प्रशांतने सांगितलं, तेव्हा त्याला भीती वाटत होतीच, पण भीतीच्या आत एकच वाक्य फिरत होतं, स्वतःचं. आजच येऊन घेऊन जा आणि रात्रीच बसवा. चार वर्षं मान मोडलेला माणूस त्या वाक्यावर निघाला होता. चहा न घेता.

त्याने 'नको' टाइप केलं. ते पुसलं गेलं नाही.

मग तो बोलला. पिंड न मानणारा प्रशांत, नदीकाठी बोलतात तसा बोलला.

"हनुमंतराव... डिस्क बसवलीय. मी पूर्ण करतो. पुरं होईस्तोवर उठणार नाही. शब्द देतो."

थंड श्वास मानेवर थांबला. तिथून हलला नाही.

अठ्ठ्याऐंशी. नको.

यूपीएसचे ठोके दाटत चालले. टी, टी, टी. चौथी डिस्क ओरडत होती. आता त्याला उमगलं की वेग का वाढवला होता. कमी वेगाने हे आज पुरं झालंच नसतं. लाईट जाणार हे... कुणाला तरी ठाऊक होतं.

त्र्याण्णव. नको.

काचेतला चेहरा आणखी खाली वाकला. ओल्या केसांतून एक थेंब प्रशांतच्या मनगटावर पडला. त्याने हात हलवला नाही.

सत्त्याण्णव.

शंभर झाल्यावर काय?

अठ्ठ्याण्णव. नको.

होता तसाच...

नव्व्याण्णव.

...

तिसऱ्या खणापुढचं 'डेड' गेलं. त्याच्या जागी नवा शब्द आला, चालू. यूपीएसने एक लांब हुंकार दिला आणि सगळं विझलं. स्क्रीन. दिवे. पंखे.

काळोख. इतका की डोळे उघडे आहेत की मिटलेले ते कळेना.

मग लोखंडी दार फिरल्याचा आवाज. सावकाश.

मग...

टक.

टक.

प्रशांत तसाच बसून राहिला. शब्द दिला होता म्हणून नव्हे. उठायचं तर मागे वळावं लागलं असतं म्हणून. उठला तो पडद्याच्या कडेने पांढरं फटफटायला लागल्यावर.

तेवढ्यात कारभारीबाबा पडदा सारून आत आले. हातात चहाचा ग्लास, वाफाळता.

"वाजीवलंसा न्हवं मगाशी? म्हनलं काम झालं. चूल पेटाया उशीर लागला जरा..."

बोलता बोलता ते थांबले. नजर कपाटावर गेली. रात्री सताड उघडं असलेलं दार बंद होतं. घट्ट. ओढून पाहिलं, हलेना. कुलूप लावलेलं होतं आणि कुलपात किल्ली तशीच होती. काळवंडलेली. तिच्या भोकात लाल दोऱ्याचा जळका तुकडा.

लाईट आल्यावर मशीन चालू झालं. बावीस हंगामांतली एक ओळ गेली नव्हती. ते पुढे कधीतरी. त्या वेळी मात्र दोघेही कपाटापुढे उभे होते. शेवटी कारभारीबाबांनी ग्लास खाली ठेवला, धोतराचा सोगा हातात घेतला आणि किल्ली पुसली. पुन्हा पुसली.

अंगणापासून कपाटापर्यंत खोलीची फरशी कोरडी ठणठणीत होती. आणि कुलपातल्या त्या किल्लीतून, पुसली तरी, पाण्याचा एकेक थेंब खाली पडतच होता.